ऑगस्टात जपान : समुद्रावरचं दारूकाम कुठं बसून बघावं?

औसेकर_गुरुजी

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला शिक्षक, मुक्काम औसा, जिल्हा लातूर. मुलगा योकोहामाला नोकरीला आहे. यंदा ऑगस्टात त्यानं आम्हा दोघांना बोलावलंय. व्हिसा, विमान, विमा हे सगळं तोच बघायलाय, त्यामुळं त्याबद्दल काही विचारत नाही.

तिकडं उन्हाळ्यात समुद्रावर आतषबाजी होते, ती आम्हाला दाखवायची त्याची फार इच्छा आहे. माझी तर हौस जुनीच. सोलापूरच्या गड्डा यात्रेत किंक्रांतीच्या रात्री होम मैदानावर जे शोभेचं दारूकाम होतं, ते बघायला मी एसटीच्या टपावर सामान टाकून जायचो आणि कुडकुडत पहाटे परत यायचो. मला कुणी पटवायची गरज नाही. अडचण आमच्या सौभाग्यवतींची आहे.

गुडघे गेलेत, खाली मांडी घालून बसता येत नाही. खाणं शाकाहारी, अंडंही चालत नाही. या दोन्हींवर मार्ग निघेल. तिसरी गोष्ट अशी की तिचं माहेर किल्लारीच्या शेजारचं. ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला त्या पहाटे ती माहेरीच होती, विसर्जन बघायला गेलेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको. तेव्हापासून अचानक आलेला धप्प असा आवाज तिला सोसत नाही. अजूनही आमच्याकडं अधूनमधून जमिनीतून गूढ आवाज येतो, त्या रात्री ती अंगणात खाट टाकून बसते. दिवाळीत भुईनळा, फुलबाजी नातवंडांबरोबर आवडीनं लावते, पण गल्लीत कुणी सुतळी बॉम्ब काढला की आत. उजेडाचं भय नाही, दणक्याचं आहे.

मुलाला हे सांगायला तयार नाही. "तुम्ही दोघं बघून या, मी घरी भाजी निवडत बसते" म्हणायलीय. तिला सोडून जायचं माझ्या मनात नाही. तर आवाज कमी लागेल अशी समुद्रावरची आतषबाजी कुठली? आणि बसायचं कुठं?

संभाजीनगरचा_भटक्या

गुरुजी, एवढं लांब जायलात तर छोटं-मोठं काही बघू नका. कुमानो करा, कुमानो! १७ ऑगस्ट, मिए प्रांत. शिचिरिमिहामा नावाचा गोट्यांचा लांबच लांब किनारा, तीनशे वर्षांहून जुनी परंपरा. तीन शाकूचा गोळा असतो, म्हणजे जवळपास ९० सेंटीमीटर व्यासाचा. तो वर उडवतच नाहीत, समुद्रात तराफ्यावर ठेवून जागेवर फोडतात. पाण्यावर सहाशे मीटर रुंद अर्धा घुमट उभा राहतो राव! धावत्या बोटींतून पाण्यात गोळे टाकत जातात ते वेगळंच. आणि ओनिगाजो म्हणून खडक आहेत, त्या कपारींत फोडतात तेव्हा आवाज असा घुमतो की विचारू नका.

मुलगा बहुतेक आतामीला न्यायचं म्हणत असेल, जवळ पडतं म्हणून. तिथं वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खल्लास. काकूंना कानात कापूस घालायला सांगा, काही होत नाही.

तेरखेडकर

भटक्या भाऊ, कापूस कानात घालता येतो. तीन शाकूचा गोळा छातीवर येतो, तिथं काय घालायचं?

गुरुजी, मी तेरखेड्याचा. ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी : धाराशिव जिल्हा, वाशी तालुका, सोलापूरहून संभाजीनगरकडं येताना हायवेवर दोन्ही बाजूंना फटाक्यांची दुकानं दिसली की समजायचं तेरखेडा आलं. तेरखेडी तोफा हा फटाका आपल्याच गावचा. चुलते कारखान्यात होते, त्यामुळं दारूचा वास आणि दणका दोन्ही लहानपणापासून अंगवळणी. आता मी शिझुओका प्रांतात एका यंत्रांच्या कारखान्यात आहे आणि आतामी याच प्रांतात येतं. म्हणून सविस्तर लिहितो, वाचायला वेळ काढा.

आधी आवाजाचं. आपला तोफा बनतोच आवाजासाठी. दारू ठासायची, घट्ट बांधायचं, जेवढा जोरात फुटेल तेवढा चांगला. जपानी गोळ्याचा हेतू उलटा आहे. तो गोल असतो, आत दारूच्या गोळ्या ओळीनं रचलेल्या असतात आणि मधोमध फोडणारी दारू. त्या गोळ्यांवर वेगवेगळ्या रसायनांचे थर चढवलेले असतात. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा. बाहेरचा थर जळून आतला पेटला की आभाळात रंग बदलतो. मधली दारू हे सगळं चहूबाजूंनी सारखं फेकण्यापुरती. म्हणून कुठूनही बघा, फूल गोलच दिसतं. आवाज होतो, पण तो त्या कामाचा शिल्लक भाग. नुसत्या आवाजाचे गोळेही असतात, नाही असं नाही, त्याचं खाली सांगतो.

शिल्लक म्हणून कमी समजू नका हं. एक शाकूचा गोळा साधारण ३० सेंटीमीटरचा, तो तीनशे मीटरच्या वर जातो आणि जवळजवळ तेवढाच रुंद फुलतो. त्याच्या खाली उभं राहिलं तर अंगावरचा सदरा हलतो. पण काकूंना ज्याची भीती आहे ते जमिनीतून येणारं. समुद्रावरच्या कार्यक्रमात गोळे उडवायच्या नळ्या पाण्यावरच्या सपाट बार्जवर किंवा बंदराच्या धक्क्यावर लावलेल्या असतात. तुमच्या पायाखालच्या मातीत त्या रोवलेल्या नसतात. आवाज येतो तो हवेतून. हे त्यांना आधी सांगा, फरक पडतो.

दुसरं, अंतर. उजेड लगेच पोचतो आणि आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटरनं चालत येतो. एक किलोमीटरवर बसलात तर फूल आधी दिसणार, मग एक, दोन, तीन मोजेपर्यंत आवाज. म्हणजे प्रत्येक दणक्याची आगाऊ वर्दी मिळते. दचकणाऱ्या माणसाला आवाज किती मोठा यापेक्षा तो कधी येणार हे कळत नाही त्याचा त्रास जास्त. शिवाय अंतर दुप्पट केलं की कानावरचा दाब निम्म्यावर येतो. म्हणून मी म्हणतो, कुठली आतषबाजी हा प्रश्न नंतरचा. किती लांबून बघायची हे आधी ठरवा.

आता आतामी. १९४९ साली चक्रीवादळ आलं, १९५० मध्ये गावाला मोठी आग लागली, आणि गाव पुन्हा उभं राहिल्यावर १९५२ पासून ही आतषबाजी सुरू झाली. उन्हाच्या दिवसांत एकदा नाही, बऱ्याच वेळा होते, हिवाळ्यातही असते. त्यामुळं एक तारीख हुकली म्हणून रडायची वेळ येत नाही. उन्हाळ्यात रात्री आठ वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला सुरू होते. भटक्या भाऊ म्हणतात ते खरं आहे, वीस-पंचवीस मिनिटंच चालते. पण ज्या बाईला दणका सोसत नाही तिच्यासाठी वीस मिनिटं हेच योग्य माप. टोकियोच्या सुमिदा नदीची दीड तासाची असते, तिथल्या गर्दीत तर मला स्वतःलाच नको होतं.

आतामीचा एक दोष मात्र सांगायला पाहिजे. गाव उपसागराच्या तीन बाजूंनी डोंगरावर चढलेलं आहे, मधे पाण्याची वाटी. आवाज डोंगरावर आपटून परत येतो. लोक त्याचंच कौतुक करतात. काकूंना किनाऱ्यावर अजिबात बसवू नका. डोंगराच्या चढावर समुद्राकडं तोंड असलेली हॉटेलं आहेत, त्यातली खोली घ्या. दुहेरी काचेची खिडकी बंद केली की आवाज मऊ होतो, उघडली की पुरा येतो. काच त्यांच्या हातात. गुडघ्यांचाही प्रश्न त्यातच सुटतो, कारण स्टेशनपासून किनारा पंधरा मिनिटांचा सरळ उतार आहे, म्हणजे परतताना तेवढाच चढ आणि पुढं-मागं हजारो माणसं.

शेवटच्या दोन-एक मिनिटांत आभाळभर चांदीसारखा धबधबा सोडतात, त्याला नायगारा म्हणतात. तेव्हा गोळे एकामागून एक नाही, एकदम जातात, मोजायला सवड मिळत नाही. तेव्हा काच लावून घ्या.

आणि आवाजाच्या गोळ्यांचं : आज कार्यक्रम होणार आहे हे कळवायला काही गावांत सकाळी किंवा दुपारी नुसते आवाजाचे गोळे उडवतात. दिवसा, उजेडबिजेड काही नाही. हे कुणी सांगत नाही. काकू दुपारी झोपल्या असतील तर घाबरतील, आधी कल्पना देऊन ठेवा.

अजून एक. योकोहामाच्या बंदरात हल्ली काही शनिवार-रविवारी पाच मिनिटांची छोटी आतषबाजी होते. मुलाला तारखा बघायला सांगा. तिथं आधी लांबून बघा, यामाशिता पार्कपासून चांगलं मागं सरकून. जमलं तर आतामी. नाही जमलं तर पाच मिनिटांत घरी.

परभणीकरीण

तेरखेडकर दादांनी आवाजाचं सगळं सांगितलं, पोटाचं मी सांगते. मी कावासाकीत राहते, सासूबाई दोनदा येऊन गेल्या, त्याही कांदा-लसणाशिवाय काही खात नाहीत त्यातल्या. म्हणजे कांदा-लसूण खातात, मांस-मच्छी-अंडं नाही.

गुरुजी, तिथं जत्रेसारखे स्टॉल लागतात. वास घमघमतो आणि शाकाहारी माणसाचा जीव वरखाली होतो. ताकोयाकीत ऑक्टोपस, याकिसोबा नावाच्या नूडल्समध्ये डुकराचं मांस. काही दिसत नसलं तरी वर सुक्या माशाचा भुगा भुरभुरतात, वारा आला की तो हलतो, काकूंना बघूनच नको होईल. चालणाऱ्या वस्तू : भाजलेलं मक्याचं कणीस (सोया सॉस लावतात, चवीला खारट, नको असेल तर नुसतं मागा), उकडलेला बटाटा वर लोणी, बर्फाचा गोळा, पाकात बुडवलेलं सफरचंद. गोळा आपल्या जत्रेतल्यापेक्षा भुसभुशीत असतो. सोबत धपाटे न्याच. पण इथली हवा दमट आहे, लातूरला दोन दिवस टिकणारे धपाटे इथं ऑगस्टात दुसऱ्या दिवशी चिकट होतात. दही न घालता करा आणि त्याच दिवशी संपवा. शेंगदाण्याची चटणी कोरडी असते, ती चालते. गावाकडून ताज्या मिरच्या, कढीपत्ता, फळं बॅगेत घालू नका, विमानतळावर काढून घेतात.

हॉटेलात खोली घेताना मुलाला सांगा, जेवणाशिवायची घे. आतामी मासेमारीचं गाव, जेवणात दहा वाट्या येतात आणि त्यातल्या नऊत समुद्र असतो. पैसे फुकट.

उकाड्याला कमी लेखू नका. आपण बेचाळीस डिग्री बघितलेली माणसं, तेहतीस ऐकून हसतो. पण इथं घाम वाळतच नाही. सासूबाईंना पहिल्याच दिवशी गरगरलं. रस्त्यात जागोजागी मशीन असतात, त्यात जवाचा थंड चहा मिळतो, साखर नाही, दूध नाही, तो पाजत राहा. कचरापेट्या शोधू नका, सापडत नाहीत. पिशवी न्या आणि सगळं घरी आणा.

एका बाबतीत मात्र मला दादांचं पटत नाही. खोलीत काचेमागं बसून बघायचं तर मोबाईलवर काय वाईट? इथल्या गर्दीत धक्काबुक्की नसते, लोक चटई टाकून दुपारपासून शांत बसलेले असतात, युकाता (उन्हाळी सुती किमोनो) घातलेल्या पोरी, आजोबा-आजी, तान्ही लेकरं. चांगलं फूल आलं की सगळ्यांच्या तोंडून एकदमच "ओऽऽ" निघतं. ते खोलीत कुठून येणार? घडीचं छोटं स्टूल मिळतं, ते घेऊन मागच्या बाजूला बसा, पुढं बसलात तर मागच्यांना दिसत नाही. काकूंना जमणारच नाही हे आपण का ठरवायचं?

तेरखेडकर

ताई, मीही तेच म्हणालो की, काच त्यांच्या हातात. खोली असली तर बाहेर जाऊन परत आत येता येतं. गर्दीत एकदा बसलं की कार्यक्रम संपेपर्यंत उठायची सोय नाही, आणि संपल्यावर स्टेशनवर तासभर रांग. पण स्टुलाचं बरोबर आहे.

वाऱ्याचं राहिलं. संध्याकाळी समुद्राकडून वारा असला तर धूर लोकांच्या तोंडावर येतो आणि अर्धी फुलं धुरातच फुटतात. अगदी वारा नसला तरी धूर तिथंच लोंबकळतो. झुळूक आडवी असली तर सगळ्यात चांगलं. उंचावरच्या खोलीचा याही बाबतीत फायदा. पाऊस भुरभुरला तर सहसा थांबवत नाहीत, जोराचा वारा किंवा वादळ असलं तर रद्द. ऑगस्टात वादळं येतात, म्हणून दोन तारखा डोक्यात ठेवा.

औसेकर_गुरुजी

तुम्हा सगळ्यांचे फार आभार. तेरखेडकर, तुमचं लिखाण मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, मधे एकदा उठून गॅस बारीक करून आली. "आधी उजेड, मग आवाज" हे तिनं दोनदा विचारून घेतलं. मग मी अंगणात तिला दाखवलं : विजेचं तसंच असतं की नाही? म्हणाली, ते मला माहीत आहे, तुम्ही शाळेत शिकवू नका. पण पाच मिनिटांच्या कार्यक्रमाला यायला तयार झालीय.

तिचे दोन प्रश्न, तिच्याच शब्दांत. पहिला : "त्या डोंगरावरच्या हॉटेलात असताना खरंच जमीन हलली तर?" दुसरा : कुमानोची प्रथा कशावरून पडली? तीनशे वर्षं लोक उगाच दारू उडवतात का?

भटक्या, दुसरा तुमच्यासाठी.

संभाजीनगरचा_भटक्या

गुरुजी, काकूंनी बरोबर जागी बोट ठेवलं. तिकडं ऑगस्टात ओबोन असतो, पितर घरी येतात असं मानतात. कुमानोत त्या वर्षी ज्यांच्या घरी माणूस गेलं त्यांच्या नावानं दारूकाम करायची पद्धत पडली आणि ती आजही आहे. गेलेल्यांच्या स्मरणाचे गोळे वेगळे उडवतात. मी गेलो तेव्हा माझ्या शेजारचं कुटुंब हात जोडून उभं होतं, मी आपला मोबाईल वर धरून व्हिडिओ काढायलो होतो.

तरी तेरखेडकरांचं ऐका, यंदा कुमानो नको. तिथं लाट मोठी असली की तारीख पुढं जाते आणि राहायला जागा मिळता मिळत नाही. पंचवीस वर्षांच्या पोरांचं काम आहे ते.

तेरखेडकर

काकूंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

हलली तर हलेल, इथं खोटा धीर देऊन उपयोग नाही. इथं लहान धक्के येतच असतात, लोक चमचा खाली ठेवतात आणि थांबला की परत उचलतात. पण किल्लारीत जी पडली ती दगड-मातीची घरं होती, रात्री झोपेत जड भिंती अंगावर आल्या. इथं १९८१ साली बांधकामाचा भूकंपाचा नियम कडक केला. त्यानंतरची इमारत हलते, पण पडू नये म्हणूनच तशी बांधलेली असते. मुलाला सांगा, १९८१ नंतर बांधलेलं हॉटेल बघ, जपानीत वाचून त्याला कळेल. फार वरचा मजला घेऊ नका, उंच इमारत वरच्या मजल्यावर जास्त वेळ झुलते. दुसरा-तिसरा मजला, पण गावाच्या चढावरचा, म्हणजे समुद्रही दिसतो आणि त्सुनामीच्या इशाऱ्याची वेळ आली तर तुम्ही आधीच उंचावर असता. किनाऱ्यावर वर पळायच्या दिशेचे फलक लावलेले असतात, पोचल्यावर ते एकदा बघून ठेवा. मोठा धक्का यायच्या काही सेकंद आधी मोबाईल जोरात ओरडतो. तो आवाज घाबरवणारा आहे, म्हणून मुलाच्या मोबाईलवर त्यांना तो एकदा ऐकवून ठेवा. टेबलाखाली जायचं, काचेपासून लांब, बाहेर धावायचं नाही. गुडघ्यांमुळं टेबलाखाली जमणार नाही, तर पलंगाशेजारी बसून डोक्यावर उशी.

बुकिंगचं लांबवू नका. १३ ते १६ ऑगस्ट ओबोन, तेव्हा सगळा जपान गावाकडं निघालेला असतो आणि आतषबाजीच्या रात्रीचे खोलीचे दर तसेही चढे. महिन्याचा शेवटचा आठवडा मिळाला तर बघा. योकोहामाहून आतामी साध्या लोकलनं थेट दीड तासाच्या आत, शिन-योकोहामाहून कोदामा शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) घेतली तर अर्ध्या-पाऊण तासात. काकूंसाठी कोदामाच घ्या, बसायला जागा असते. स्टेशनवरून हॉटेलला टॅक्सी दुपारीच करा, संध्याकाळी रस्ते बंद होतात.

औसेकर_गुरुजी

मुलाला फोन झाला. तिनं स्वतःच सांगितलं त्याला, मी शेजारी बसून होतो. तो म्हणाला, आई, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तू तेव्हा दोन वर्षांचा होतास, तुला काय सांगायचं.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख बघतोय तो. परभणीकरीण ताई, दही न घातलेले धपाटे कडक होतात हो, त्यात काय घालता तेवढं सांगा.

परभणीकरीण

ज्वारीच्या पिठात थोडी कणीक आणि एक चमचा बेसन मिसळा, पाणी गरम घ्या आणि तेलाचं मोहन घाला. तीळ विसरू नका. काकडी किसून घालायची सवय असेल तर प्रवासापुरती बंद ठेवा, पाणी सुटतं.